नीती देवाची की माणसाची? कोकणातल्या गावात मतपाहणी कशी करावी

माणूस नीतीनं वागायला देवावर श्रद्धा असणं आवश्यक आहे की नाही, हा प्रश्न प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेनं २०१९ साली ३४ देशांत विचारला. स्वीडनमध्ये ९ टक्के लोक 'आवश्यक' म्हणाले, अमेरिकेत ४४, भारतात ७९, इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६. आपल्या तालुक्यात अशी पाहणी करायची म्हटली, की कॉलेजची मुलं किंवा गावातलं मंडळ हाच प्रश्न मराठीत उतरवून दारोदार नेतं. पंधरा दिवसांनी हातात येतं 'शंभरातले नव्वद हो म्हणाले', आणि त्यातून काहीच कळत नाही.

चूक भाषेतून सुरू होते. मराठीत 'धर्म' हा शब्द देवळापुरता नाही. शेजारधर्म, राजधर्म, 'भुकेल्याला जेवू घालणं हा माणसाचा धर्म' या सगळ्यात धर्म म्हणजेच कर्तव्य. 'धर्माशिवाय नीती असते का?' असं विचारलंत तर ऐकणाऱ्याला 'नीतीशिवाय नीती असते का?' असंच ऐकू येतं. तो नाही म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. म्हणून या कामाचा पहिला नियम: मत विचारू नका, कृती विचारा आणि कृतीमागचं कारण विचारा. पुढचं सगळं या नियमाभोवती आहे.

प्रश्नपत्रिकेत न येणारे शब्द

'सेक्युलर', 'धर्मनिरपेक्ष', 'निधर्मी', 'सर्वधर्मसमभाव' हे चारही शब्द प्रश्नांतून काढून टाका. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत हा शब्द आला तेव्हा हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' झाला, मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष'. अर्थ कुठला, यावर शिकलेले लोकही अजून भांडतात. 'निधर्मी' तर गावात 'अधर्मी'च्या शेजारी बसतो, आणि निवडणुकीच्या दिवसांत यातला कुठलाही शब्द उच्चारला तर समोरचा विचारतो, "तुम्ही कुठल्या पक्षाचे?" मग पुढची पंधरा उत्तरं पक्षाला दिलेली असतात.

'नीती' हा शब्दसुद्धा पुस्तकी आहे. 'चांगलं वागणं', 'बरोबर-चूक', 'वाईट काम' असं बोला. 'पाप' हा शब्द मात्र तुम्ही होऊन वापरू नका. तो उत्तर देणाऱ्याच्या तोंडून येतो का, हेच तर पाहायचं आहे.

'देव' या शब्दाचं काय करायचं? कोकणी मुसलमान घरात 'अल्ला', ख्रिस्ती घरात 'देव' किंवा 'देवबाप', आणि कुठल्या घरात कुठला शब्द वापरला याची नोंद पत्रिकेवर. बौद्धवाडीत अडचण वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही हे पहिल्याच प्रतिज्ञेत आहे. तिथला माणूस 'चांगलं वागायला देव लागत नाही' म्हणाला, तर ते धर्मापासून दूर गेल्याचं लक्षण नाही. पंचशीलातून आलेलं ते धार्मिक उत्तरच आहे. प्यूच्याच भारतातल्या सुमारे ३०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९-२०) बौद्धांपैकी एक तृतीयांश लोकांनी देव मानत नसल्याचं सांगितलं, तर सगळ्या भारतीयांत देव मानणारे ९७ टक्के निघाले. म्हणजे 'देव लागतो का?' आणि 'धर्म लागतो का?' हे दोन प्रश्न आहेत, ते एका ओळीत कोंबू नका.

तळकोकणात आणखी एक पदर आहे. तिथं चुकीची शिक्षा आकाशातला ईश्वर देत नाही. ग्रामदेवता देते, किंवा जागेचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. हा देव दार्शनिकाचा नाही, पहारेकऱ्याचा आहे. 'राखणदार' हा पर्याय उत्तरांच्या यादीत वेगळा ठेवला नाही, तर सिंधुदुर्गातली निम्मी कारणं चुकीच्या खणात पडतील.

कृतीचे प्रश्न: एक कृती, चार कारणं

चांगला प्रश्न तो, ज्यात कायदा, धर्म, गावरहाटी (गावची रीत) आणि नुकसान ही कारणं एकमेकांपासून सुटी करता येतात. किनाऱ्यावर असा प्रश्न आयता आहे.

राज्याच्या जलधीक्षेत्रात यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारी बंदी असते, ठरलेला काळ १ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस. त्या वर्षीचा आदेश काढून तारखा पडताळून घ्या. दुसरीकडे कोळी-गाबितांची रीत अशी, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होडी पाण्यात लोटायची. या दोन तारखा जुळत नाहीत. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, म्हणजे फरक जेमतेम दोन दिवसांचा. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला गेली आणि मध्ये चार आठवडे उरले. या फटीत प्रश्न ठेवायचा:

'अ' प्रश्न: "१० जूनला एकजण गुपचूप नौका घेऊन गेला आणि मासळी घेऊन आला. त्यानं चूक केली का? का बरं?"

'ब' प्रश्न: "सरकारची बंदी उठली, पण नारळी पौर्णिमा अजून व्हायची आहे. एकजण नौका घेऊन गेला. त्यानं चूक केली का? का बरं?"

पहिल्याला बहुतेक सगळे 'चूक' म्हणतील, पण कारणं चार दिशांना जातील: सरकारची बंदी आहे; मासे अंड्यावर आहेत, पिलं मेली तर पुढं खाणार काय; दर्या खवळलेला आहे, जीव जाईल; दर्याला नारळ दिलेला नाही. दुसऱ्या प्रश्नात कायद्याचं कारण गळून पडतं. 'अ' ला 'बंदी आहे म्हणून' म्हणणारा माणूस 'ब' लाही 'चूक' म्हणाला, तर त्याचं पहिलं कारण वरवरचं होतं. उलट 'अ' ला नारळाचं नाव घेणारा 'ब' ला "आता हरकत नाय" म्हणाला, तर तो धार्मिक भाषेत कायदाच बोलत होता. दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ विचारू नका. मध्ये निदान चार दुसरे प्रश्न जाऊ द्या. नाहीतर माणूस आपलं पहिलं उत्तर सांभाळत बसतो. मुसलमान मच्छीमारांनाही दोन्ही विचारा. नारळ न देणारे लोक बाकीच्यांच्या नारळासाठी थांबतात का आणि ते कशासाठी, हे या पाहणीतलं सर्वांत मोलाचं उत्तर असू शकतं.

किनाऱ्यापासून आत, जिथं मासेमारी नाही, तिथं देवराई वापरा. "देवराईत एक झाड वाऱ्यानं पडलं, वाळलं. शाळेच्या छपराला वासे हवेत. तोडून न्यावं का?" नंतर तेच झाड कुणाच्या खासगी कलमबागेत पडलेलं आहे असं विचारा. उत्तरांत 'देवाचं आहे', 'झरा आटेल', 'सगळ्या गावाचं आहे', 'वनखातं पकडेल' आणि एक खास आपलं, 'कौल लावून बघा' (म्हणजे देवाला विचारून होकार-नकार घ्या) येईल. 'कौल लावा' हे उत्तर 'माहीत नाही' मध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका. ते 'निर्णय माझा नाही, विचारायची जागा ठरलेली आहे' असं स्पष्ट उत्तर आहे आणि त्याला स्वतंत्र खण हवा.

तिसरा प्रश्न साधा ठेवा, सगळीकडे चालणारा: एसटी स्टँडवर पाकीट सापडलं, आत पाच हजार रुपये आणि पत्ता आहे. इथे एकच खोच. "परत द्यावं" हे प्रत्येक जण सांगणार, त्यामुळे ते उत्तर निरुपयोगी. फक्त 'का' लिहून घ्या.

एवढे तीन-चार प्रसंग पुरेत. दहा प्रसंग घातले की सहाव्यापासून लोक चहाकडे बघू लागतात.

कारण खोदून कसं काढायचं

'देव बघतो', 'पाप लागेल', 'वरचा बसलाय' ही मराठीतली बोलण्याची रीत आहे. देव न मानणारेही ती वापरतात. उलट 'लोक काय म्हणतील' म्हणणारी बाई रोज दिवा लावणारी असते. म्हणून पहिल्या उत्तरावर थांबू नका. एकदाच, सपाट आवाजात विचारा: "ते कसं?" किंवा "आणि कुणीच बघत नसतं तर?" एवढंच. "म्हणजे देवाच्या भीतीनं का?" असं विचारलंत की ते उत्तर तुमचं झालं.

तळकोकणात "देवाक ठावक" हे उत्तर हमखास मिळतं. त्याचा अर्थ 'मला ठाऊक नाही' एवढाच. नवख्या मुलांनी ते 'श्रद्धा' या खणात भरलेलं असतं.

पहिलं कारण आणि दुसरं कारण, दोन्ही जसेच्या तसे बोलीत लिहून घ्या. "माका तसा वाटता" हे प्रमाण मराठीत सुधारू नका. नंतर घरी बसून सात खणांत वाटा: देव-कर्मफळ (राखणदार यातच, पण वेगळ्या खुणेनं), ग्रंथ किंवा परंपरा, गावकी आणि लाज, कुणाचं तरी नुकसान, कायदा-दंड, स्वतःच्या मनाला लागणं, आणि 'विचारून ठरवू'. आधी दोघांनी एकमेकांना न विचारता तीच पन्नास उत्तरं वाटून बघावीत. चाळीसपेक्षा कमी ठिकाणी जुळलं तर दोष माणसांचा नाही, खणांच्या व्याख्येचा आहे. त्या पुन्हा लिहा, नवी पन्नास उत्तरं घ्या. सगळ्यांत जास्त गोंधळ 'परंपरा' आणि 'गावकी' यांच्यात होतो. कसोटी अशी: कारण पूर्वजांकडे बोट दाखवत असेल तर परंपरा, आज जिवंत असलेल्या शेजाऱ्यांकडे दाखवत असेल तर गावकी.

'होय महाराजा' दोष

देवासमोर गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यानंतर सगळे 'होय महाराजा' म्हणतात. मतपाहणीतही हेच होतं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून लोक समोर येईल त्या विधानाला होकार देतात. उपाय दोन.

एक, विधान न देता दोन बाजू समोर ठेवा आणि कुठली जवळची वाटते ते विचारा. प्यूनंही असंच विचारलं होतं. दोन, तरीही विधान वापरायचंच असेल तर ते दोन्ही दिशांनी तयार करा. निम्म्या पत्रिकांवर "देव मानल्याशिवाय माणूस चांगला वागू शकत नाही", निम्म्यांवर "देव न मानणारा माणूसही चांगला वागू शकतो". पत्रिका आधीच एकाआड एक लावून ठेवा, म्हणजे कुणाला कुठली द्यायची हे विचारणारा ठरवणार नाही. समजा पहिलीला ८० टक्के 'हो' म्हणाले आणि दुसरीलाही ७० टक्के, तर लोकांचं मत कळलेलं नाही, लोकांचा पाहुणचार कळला आहे. तो आकडा लपवू नका, अहवालात तसाच द्या.

एक ते दहा गुणांची पट्टी शहरात चालते, वाडीवर नाही. त्याऐवजी दहा चिंचोके पुढं ठेवून "जितकं वाईट वाटतं तितके इकडे सरकवा" असं सांगा. चिंचोके नसतील तर काजूच्या बिया घ्या. सुपाऱ्या घेऊ नका. सुपारी मांडली की समोरचा मनात कौलाला बसतो, आणि तुमचा प्रश्न देवासमोरचा होतो.

क्रम

आधी प्रसंग, मग कारणं, मग दोन बाजूंचा थेट प्रश्न, मग देव-देऊळ-मशीद-उपासतापास, आणि अगदी शेवटी वय, शिक्षण, धर्म, विचारायची असेल तर जात. हा क्रम उलटा केला की पाहणी बिघडते. उपास करता का, देवळात किती वेळा जाता, हे आधी विचारलं की माणूस भाविकाच्या खुर्चीत बसतो आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तिथूनच उत्तर देतो. शंका असेल तर पंचवीस-तीस पत्रिका मुद्दाम उलट्या क्रमानं करून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

किती माणसं, कुठली

गावात १,२०० प्रौढ असतील तर २९० जणांची मुलाखत झाली की आकडा साधारण पाच टक्के इकडे-तिकडे एवढा भरवशाचा होतो. (हिशेब: ३८४ ला १ + ३८३/१२०० नं भागा, उत्तर २९१.) तालुक्याची पाहणी असेल तर ४०० माणसांना तेवढाच भरवसा मिळतो, १,००० ला तीन टक्के. पण ४०० माणसं आठ-दहा गावांतून गोळा केली, तर एकाच वाडीतली माणसं एकमेकांसारखीच बोलतात आणि भरवसा सहा टक्क्यांपर्यंत घसरतो. कमी वाड्यांतून जास्त माणसं घेण्यापेक्षा जास्त वाड्यांतून थोडी घ्या.

माणसं निवडायला मतदार यादी. नावं १,२६० आणि हवी ३१५, तर दर चौथं नाव. पहिलं नाव एक ते चारमध्ये चिठ्ठी टाकून. इथं कोकणातली जुनी अडचण: यादीत नाव गावचं, माणूस लालबागला किंवा विरारला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, त्याचं कारण हेच. दहातली तीन-चार नावं मुंबईत निघाली तर दचकू नका, पण आधीच ठरवा की पाहणी 'गावात राहणाऱ्यांची' आहे की 'गावाच्या माणसांची'. राहणाऱ्यांची असेल तर सुरुवातीलाच दीडपटीहून जास्त नावं काढून ठेवा आणि चाकरमान्यांवर रेघ मारा.

जो गावात आहे पण भेटला नाही, त्याच्याकडे तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी. त्याच्या जागी ओटीवर बसलेला शेजारी चालत नाही. ओटीवर बसलेला माणूस नेहमीच तोच असतो: वयस्कर, पुरुष, गावच्या कारभारात रस असलेला. त्याचंच मत म्हणजे गावाचं मत, हा घोळ निम्म्या पाहण्यांत असतो.

पाहणी कधी करायची हेही यातच येतं. गणपतीत आणि शिमग्यात गाव भरलेलं असतं पण ते रोजचं गाव नसतं. चाकरमानी आलेले, आरत्या चालू, पालखी दारात. त्या आठवड्यातली श्रद्धा मार्गशीर्षातल्या मंगळवारी सापडणार नाही. रमजानात मोहल्ल्यात जाऊ नका, जून-जुलैत लावणी, एप्रिल-मेमध्ये आंबा. दिवाळी आटोपल्यापासून जत्रा सुरू होईपर्यंतचे आठवडे सर्वांत सपाट असतात. मार्गशीर्षातले गुरुवार तेवढे टाळा, बायकांचा उपास असतो आणि संध्याकाळी पूजा.

एका मुलाखतीला पंचवीस मिनिटं. वाड्या चढ-उतारावर विखुरलेल्या, त्यामुळे एका जोडीच्या दिवसाला सहा ते आठच मुलाखती होतात. २९० साठी पाच जोड्या आठ ते दहा दिवस. त्याआधी पंधरा जणांवर कच्ची पत्रिका चालवा, पण त्या गावात नाही, शेजारच्या गावात.

कोण विचारतं आणि कोण ऐकत असतं

विचारणारे जोडीनं जावेत, त्यात एक बाई. सुनेला सासूच्या समोर विचारलेलं उत्तर सासूचं असतं. जोडीतल्या एकानं सासूला पडवीत गप्पांत गुंतवायचं, दुसरीनं आत विचारायचं. याला लबाडी म्हणण्याचं कारण नाही. दोघींनाही पाहणी कसली ते आधी सांगितलेलं असतं.

गावकार, मानकरी, सरपंच यांना आधी भेटून माहिती द्या, पोलीस पाटलांच्या कानावर घाला, पण त्यांच्यापैकी कुणालाही बरोबर घेऊन फिरू नका. मोहल्ल्यात जमातीच्या प्रमुखांबाबतही तेच. आडनाव सांगितलं की विचारणाऱ्याची जात आणि धर्म कळतो, आणि उत्तर त्याप्रमाणे वळतं. हे टाळता येत नाही, मोजता येतं: प्रत्येक पत्रिकेवर विचारणाऱ्याचा क्रमांक टाका आणि शेवटी प्रत्येकानं आणलेली उत्तरं वेगवेगळी मोजा. एकाकडेच 'देव' फार जास्त आला तर ते गाव नाही, तो माणूस आहे.

अवघड प्रश्न: वाळीत टाकणं

पालखीची वर्गणी न दिलेल्या घराशी गावानं बोलणं बंद करणं योग्य आहे का? धर्म, गावकी आणि कायदा यांची गाठ इथं सर्वांत घट्ट बसते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारींमुळे तो विषय ऐरणीवर आला होता. लोकांना हे ऐकून माहीत असतं, त्यामुळे तोंडावर कुणी "योग्य आहे" म्हणणार नाही.

त्यासाठी नाणं. समोरच्यानं पाठ फिरवून रुपया उडवायचा, तुम्हाला दाखवायचा नाही. छापा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं; काटा पडला तर खरं मत सांगायचं. आता कुणाच्या 'हो' चा अर्थ काय हे तुम्हालाही कळत नाही, पण सगळ्यांचं मिळून कळतं. ६२ टक्के 'हो' आले, तर त्यातले ५० नाण्याचे, उरलेल्या १२ ची दुप्पट म्हणजे २४ टक्के लोकांना बहिष्कार योग्य वाटतो. किंमत अशी, की २०० माणसांवर हा आकडा तेरा-चौदा टक्के इकडे-तिकडे हलतो. म्हणून ही पद्धत एकाच प्रश्नाला वापरा, आणि आधी 'आज चहा घेतलात का?' अशा बिनमहत्त्वाच्या प्रश्नावर एकदा सराव करून घ्या. सराव नसेल तर वयस्कर माणसं छापा पडल्यावर खोटं कसं बोलायचं म्हणून अडतात. हीसुद्धा नीतीच, पण तुमचा हिशेब कोसळतो.

मुलाखतीत कुणी स्वतःच वाळीत असल्याचं सांगितलं तर मध्यस्थी करू नका, गावात कुणाला विचारू नका, पत्रिकेवर लिहू नका. कायदा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते एवढं सांगा.

आकडे मांडताना

मोहल्ल्यातले चाळीस जण भेटले असतील तर 'मुसलमानांपैकी ६५ टक्के' असं लिहू नका. चाळीस माणसांवरचा आकडा पंधरा टक्के हलतो. 'चाळीसपैकी सव्वीस' असं लिहा. पन्नासच्या खालच्या कुठल्याही गटाला हाच नियम. १४५-१४५ च्या दोन पत्रिकांमधला फरक अकरा-बारा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर फरक आहे असं म्हणू नका.

स्त्रिया यादीतल्या प्रमाणापेक्षा जास्त भेटल्या असतील तर वजन लावा: गावात स्त्रिया ५३ टक्के आणि पाहणीत ६२, तर प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला ५३ भागिले ६२ म्हणजे ०.८५, प्रत्येक पुरुषाच्या ४७ भागिले ३८ म्हणजे १.२४. वजन लावण्याआधीचा आकडाही शेजारी द्या.

'धार्मिक किती आणि धर्माशिवाय किती' असा दोन रकान्यांचा तक्ता मात्र करू नका. एकाच बाईचं पाकिटाचं कारण 'कुणाच्या तरी घामाचे पैसे' असतं, देवराईचं 'देवाचं आहे' आणि नौकेचं 'सरकारनं सांगितलंय'. तिला एका रकान्यात बसवणं म्हणजे तिची दोन उत्तरं फेकून देणं. तक्ता प्रसंगानुसार करा: आडव्या ओळीत प्रसंग, उभ्यात कारणं. मग दिसतं की गाव जंगलाबाबत कुठली भाषा बोलतं, पैशाबाबत कुठली आणि शेजाऱ्याबाबत कुठली. भारताच्या ७९ शी तुलना फक्त दोन बाजूंच्या थेट प्रश्नाची करता येते, तीही प्यूची शब्दरचना तशीच ठेवली असेल तर.

कुणीतरी म्हणेलच, की हा प्रश्नच परका, पाश्चात्त्यांनी आणलेला. महाडला चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला प्यालं गेलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली गेली. पालगडच्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं ते भक्तीतूनच. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. श्रद्धेच्या आतून, बाहेरून आणि विरुद्ध, तिन्ही बाजूंनी हा वाद कोकणच्या माणसांनी घातलेला आहे. विचारणाऱ्या मुलांना हे शिकवा, पण मुलाखतीत यातलं एकही नाव घेऊ नका. नाव घेतलं की उत्तर त्या नावाला मिळतं.

निकाल आधी गावाला सांगा, मग बाहेर. ग्रामसभेत वाचायचा असेल तर वाडीनिहाय आकडे वगळा. वाडी म्हणजे जात, आणि 'अमक्या वाडीनं असं म्हटलं' हे पुढच्या पालखीपर्यंत पुरतं. मतदार यादीतली निवडलेली नावं आणि पत्रिकांचे क्रमांक जोडणारा कागद एकच ठेवा, तो विचारणाऱ्यांपैकी कुणाकडेही नसावा, आणि आकडे पक्के झाले त्या दिवशी चुलीत घाला.